मुलांसोबत दडपे पोहे आणि खजुराचे पेढे: कोणतं काम कधी आणि कुणी करायचं

मुलांना सोबत घेऊन खाऊ करायचा बेत बहुतेक घरांत एकाच जागी फसतो. आई किंवा बाबा हौसेने हाक मारतात, मूल धावत येतं, आणि मग मोठी माणसं नारळ फोडायला घेतात. पोहे कुठल्या डब्यात आहेत ते शोधायला आणखी पाच मिनिटं जातात. तोवर मूल विळीला हात लावतं, ओरडा खातं, आणि शेवटी ‘तू जरा बाजूला बस बघू’ यावर बेत संपतो. पुढच्या वेळी हाक मारली की मूल येत नाही.

चूक मुलाची नसते. मोठ्यांचं काम संपण्याआधी त्याला बोलावलेलं असतं. या लेखातली सगळी मांडणी एवढ्यासाठीच आहे: सुरी, विळी, गॅस आणि मिक्सर यांचं काम आधी उरकायचं, आणि मग मुलाला खरं काम द्यायचं. नुसतं ढवळल्यासारखं करायला लावलेलं मुलाला लगेच कळतं.

उदाहरणाला दोन पदार्थ घेतले आहेत. दडपे पोहे, कारण त्यात मुलांसमोर काहीच शिजवावं लागत नाही आणि ‘दडपणं’ हे काम मुलांना मनापासून आवडतं. आणि खजूर-शेंगदाण्याचे पेढे, जे दुसऱ्या दिवशी डब्यातही जातात. वय धरलं आहे ३ ते ७ वर्षं. दोन्ही पदार्थ एकाच दिवशी करू नका. पहिल्यांदा दडपे पोहे करा.

टप्पा १: वेळ ठरवणं

भुकेलेल्या मुलासोबत खाऊ करता येत नाही. संध्याकाळी सातला, शाळेतून आल्याआल्या किंवा पाहुणे यायच्या तासभर आधी हा घाट घालू नका. सुट्टीच्या दिवशी दुपारची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास, मुलाला आधी अर्धं केळं खायला द्या आणि मग सुरू करा. मुलाच्या वाट्याचं काम २०-२५ मिनिटांत संपायला हवं. तीन वर्षांचं मूल त्याहून आधीच उठून जाऊ शकतं. तसं झालं तर जाऊ द्यावं, ओढून आणू नये.

टप्पा २: जागा

ओट्यापाशी स्टूल ठेवून मुलाला उभं करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ओट्यावर शेगडी असते, मिक्सरची वायर लोंबत असते, आणि मूल तोल सावरायला हात टाकतं तो नेमका त्या दिशेने. खाली बसा. जुनी चादर अंथरा, मधे मोठी परात ठेवा, आणि मूल तुमच्या समोर बसवा. शेजारी बसलेल्या मुलाचे हात आणि तोंड तुम्हाला दिसत नाहीत.

हाताशी हवं: एक ओला नॅपकिन, एक कोरडा नॅपकिन, हात बुडवायला पाण्याचं भांडं, आणि चव बघायला वेगळी वाटी-चमचा. ही शेवटची वस्तू विसरू नका. मूल बोट चाटून तेच बोट परातीत घालणार, मग घरातलं कुणीतरी ‘उष्टं केलंस’ म्हणणार, आणि मुलाचा चेहरा पडणार. ‘चव बघायची असेल तर या वाटीतून’ एवढं आधी सांगितलं की प्रश्न मिटतो.

सावध: खाली बसून काम करायचं तर विळी खाली नको. आपल्या घरांत विळी वापरून झाली की ती भिंतीशी तशीच उभी राहते, आणि नेमकी मुलाच्या हाताच्या उंचीवर असते. पातं मिटवा आणि विळी उंच फळीवर ठेवा. किसणीही तिथेच.

टप्पा ३: मोठ्यांचं काम, मुलाला हाक मारण्याआधी

चार जणांसाठी हे साहित्य पुरतं:

पातळ पोहे ४ वाट्या, काकड्या २ मध्यम, खोवलेला ओला नारळ १ वाटी, नारळाचं पाणी अर्धी वाटी, टोमॅटो १, लिंबू १, कोथिंबीर मूठभर, भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट ३ मोठे चमचे, मीठ पाऊण चहाचा चमचा, साखर अर्धा चमचा. फोडणीला १ मोठा चमचा तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची. वरून घालायला पोह्याचे किंवा उडदाचे भाजलेले पापड.

पोहे पातळच हवेत. कांदेपोह्यांचे जाड पोहे या पद्धतीने मऊ होत नाहीत, दाताखाली कचकचतात.

१. नारळ फोडा, पाणी गाळून वेगळं ठेवा, खोबरं खोवून घ्या. पाण्याची चव घेऊन बघा. आंबूस लागलं तर पाणी आणि खोबरं दोन्ही बाजूला. परदेशात राहणाऱ्यांना गोठवलेलं खोवलेलं खोबरं चालेल, पण ते पूर्ण वितळवून खोलीच्या तापमानाला आणा. डबाबंद सुकं खोबरं वापरलं तर पोह्यांना ओलावा मिळत नाही. मग नारळाचं दूध शिंपडावं लागतं.

२. काकडीचं टोक कापून चव बघा. कडू काकडीचा एक घास मुलाला लागला तर पुढचे कित्येक महिने तो काकडी तोंडात घेणार नाही. एक काकडी कोचवून ठेवा, दुसरी फक्त सोलून लांब फाकी करून ठेवा. ती मुलासाठी.

३. कोथिंबीर मोठ्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून वर उचला. भांडं पालथं करून ओतलं तर तळाची माती पुन्हा पानांवरच बसते. दोनदा असं करा, मग पंचावर पसरा.

४. फोडणी करा. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, कढीपत्ता, मिरचीचे मोठे तुकडे, शेवटी गॅस बंद करून हळद. मिरची बारीक चिरायची नाही. मोठे तुकडे नंतर सहज वेचता येतात. फोडणी उघडी ठेवून पूर्ण गार होऊ द्या, निदान १५ मिनिटं. मग मिरची आणि कढीपत्ता दोन्ही काढून टाका. त्यांचा स्वाद तेलात उतरलेला असतो.

बऱ्याच घरांत फोडणीतच अख्खे शेंगदाणे तळून घालतात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर ते नकोत. अख्खा दाणा घशात किंवा श्वासनलिकेत अडकू शकतो. कुटाने चव तीच येते.

५. मीठ आणि साखर मोजून वेगवेगळ्या वाट्यांत काढा आणि डबे परत फळीवर ठेवा. माझ्या मुलीने चार वर्षांची असताना मिठाचा डबाच परातीत उपडा केला होता. तिला मी ‘मीठ घाल’ म्हटलं होतं, तिने घातलं. तेव्हापासून परातीजवळ मोजलेलं मीठ सोडून दुसरं मीठ ठेवत नाही.

तपासा: विळी वर गेली? गॅस बंद, फोडणीची कढई गार? मिक्सरची वायर काढली? सगळं वाट्यांत निघालं? चारही उत्तरं ‘हो’ आली की मगच हाक मारा.

टप्पा ४: हात

साबणाने हात धुवायचे, निदान २० सेकंद. मुलांना सेकंद कळत नाहीत, म्हणून एक ते वीस अंक मोठ्याने म्हणायला सांगा. नखं बघा. बोटाला कापलेलं, सालपट निघालेलं असेल तर लिंबाचं काम दुसऱ्याला द्या. लिंबू झोंबलं की तो दिवस संपला. मोकळे केस बांधा. मुलाला सर्दी-खोकला किंवा जुलाब होत असतील तर बेत सरळ पुढच्या आठवड्यावर टाका.

टप्पा ५: आधी ओलं, मग पोहे

दडपे पोहे बिघडतात ते क्रम चुकल्यामुळे. कुणी पोहे धुतात. पातळ पोह्यांना पाणी लागलं की लगदा होतो, तो कशानेही सुधारत नाही. कुणी आधी पोहे घेऊन त्यावर एकेक जिन्नस टाकत जातात. मग मीठ एका जागी, लिंबू एका जागी, वरचे पोहे ओले आणि खालचे कोरडे. बरोबर क्रम असा की परातीत ओले जिन्नस आधी एकत्र करायचे, त्यांना पाणी सुटू द्यायचं, आणि पोहे सगळ्यात शेवटी.

पहिलं काम, पोहे चाळणं. हे तीन वर्षांच्या मुलालाही येतं. चाळणीत एकेक वाटी पोहे द्या, खाली कागद पसरा. चुरा खाली पडतो. वर राहिलेल्या पोह्यांतला एखादा साळीचा दाणा किंवा काडी शोधायला सांगा. मुलांची नजर आपल्याहून बारीक असते, त्यांना खरंच सापडतं.

दुसरं, कोथिंबिरीची पानं खुडणं. जाड काड्या बाजूला. पानं मोठी राहिली तरी चालतील.

तिसरं, काकडी कापणं. पाच वर्षांपुढच्या मुलाला बिनधारेची लोणी लावायची सुरी आणि काकडीची लांब फाक द्या. फाकीची सपाट बाजू खाली ठेवायची, म्हणजे ती घरंगळत नाही. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवून, पंजा करून धरायला शिकवा. तुकडे लहानमोठे होणारच. ते पुन्हा आपल्या हाताने बारीक करत बसू नका. मूल बघत असतं. फार जाड झालेले तेवढे चौकोन काढून त्याला तिथेच खायला द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला सुरीऐवजी टोमॅटोचा मऊ गर हाताने कुस्करायला द्या.

चौथं, परातीत काकडी, टोमॅटो, खोबरं, कोथिंबीर, मीठ आणि साखर घालणं. प्रत्येक वाटी मूलच ओतेल. दोन मुलं असतील तर वाट्या आधीच वाटून द्या, भांडण तिथेच होतं.

पाचवं, लिंबू. अर्धं लिंबू मुलाच्या दोन्ही हातांत द्या आणि खाली गाळणी धरा. बी घशाखाली जाऊ नये म्हणून गाळणी हवीच. लिंबू आधी जमिनीवर ठेवून तळव्याने दाबत फिरवलं तर लहान हातांनाही रस काढता येतो. पोह्यांतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून लिंबात काटकसर नको.

आता पाच मिनिटं परात तशीच ठेवा. मुलाला ती एका बाजूने किंचित उचलून दाखवा: मीठ लागलेल्या काकडीला पाणी सुटून ते कडेला जमलेलं दिसतं. ‘आपण तर पाणी घातलंच नव्हतं, मग हे कुठून आलं?’ असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर सांगायची घाई मोठ्यांनाच असते.

मग गार फोडणी आणि कूट घाला, आणि शेवटी पोहे. पोहे वाटी-वाटीने घालायचे आणि प्रत्येक वाटीनंतर हाताने कालवायचं. मळायचं नाही. मुलाला ‘खालचं वर, वरचं खाली’ असं सांगितलं की नीट जमतं. कोरडं वाटलं तर नारळाचं पाणी चमच्याने शिंपडा. एकदम ओतू नका.

सावध: मिरची तुम्ही वेचली असली तरी तेलात तिखटपणा उतरलेला असतो. कालवताना डोळ्याला हात नको, हे आधीच सांगा. मुलाचे हात झोंबले तर आधी थोडं खोबरेल किंवा गोडं तेल चोळून पुसून घ्या, नंतर साबणाने धुवा. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो; नुसतं पाणी लावून तो निघत नाही. पहिल्यांदा करताना मिरची टाळलीत तरी पदार्थाचं काही बिघडत नाही.

टप्पा ६: दडपणं

कालवलेले पोहे खोलगट पातेल्यात भरा. मुलाने तळव्याने हलके दाबावेत. वर बरोब्बर आत बसेल अशी ताटली ठेवा आणि ताटलीवर वजन. वजन काय ठेवायचं ते मुलाला ठरवू द्या. पाण्याने भरलेला तांब्या उत्तम. खलबत्त्यातला बत्ता पायावर पडतो, तो नको. १५ ते २० मिनिटं दडपा. या वेळात मुलाने वाट्या धुवायला ठेवायच्या, चादर झटकायची, पापड हाताने चुरायचे. पसारा आवरणं हा याच कामाचा भाग आहे. तो मागे ठेवून मूल खेळायला गेलं तर पुढच्या वेळी घरातलं मोठं माणूसच हा घाट घालायला नाही म्हणतं.

तपासा: एक पोहा चिमटीत दाबा. मऊ पण अख्खा राहिला तर तयार. पीठ झालं तर ओलावा जास्त झाला; आणखी मूठभर कोरडे पोहे मिसळून लगेच वाढा. मोडताना कट आवाज आला तर नारळाचं पाणी शिंपडून आणखी दहा मिनिटं दडपा.

पापडाचा चुरा वाढताना घाला, आधी घातला तर सादळतो. मोठ्यांना कच्चा कांदा हवा असेल तर आपापल्या ताटलीत घ्यावा. आणि मुलाने हे सगळं करून एक घासही खाल्ला नाही, तर ‘एवढं केलंस आणि खात नाहीस?’ असं म्हणू नका. काही मुलं तिसऱ्या-चौथ्या वेळेला खातात. त्याने केलेलं तुम्ही आवडीने खाताय, एवढं त्याला दिसलं तरी त्या दिवसापुरतं पुरे.

ओलं खोबरं आणि काकडी असल्याने हे पोहे तास-दोन तासांत संपवा. शाळेच्या डब्यात नकोत, उन्हाळ्यात तर मुळीच नकोत.

टप्पा ७: डब्यासाठी खजुराचे पेढे

दडपे पोहे एक-दोनदा जमले की हे करा. साहित्य: मऊ खजूर २०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ २ मोठे चमचे, तूप १ चमचा, चिमूटभर वेलचीपूड. साधारण २० छोटे पेढे होतात. गूळ-साखर घालायची नाही, खजूर पुरेसा गोड असतो. एका वेळी एक किंवा दोन पेढे पुरेत, आणि खाल्ल्यावर चूळ भरायची, कारण खजूर दाताला चिकटून राहतो.

सावध: मुलाने शेंगदाणे किंवा तीळ याआधी कधी खाल्ले नसतील, किंवा घरात कुणाला त्यांची ॲलर्जी असेल, तर पहिल्यांदा इथे देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

मोठ्यांचं काम आधी. दाणे मंद आचेवर साल सुटेपर्यंत भाजा, गार करा, सालं पाखडून टाका. मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. घरात लहान मूल असेल तर कूट बारीकच हवं. तीळही गॅसवर तुम्हीच भाजा.

खजूर पाकिटावर ‘बिनबियांचा’ लिहिलेला असला तरी एकेक उघडून बघा. एखादी बी राहिलेली असतेच, आणि ती दुधाच्या दातावर यायला नको. बिया काढलेला खजूर तुपावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, तो मऊ होऊन गोळा होऊ लागतो. कोरडा खजूर मऊ करायला पाणी घालतात, ते नको. पाण्याने पेढे लवकर खराब होतात. गोळा ताटलीत पसरून गार करा. परतलेला खजूर वरून गार लागतो पण आत बराच वेळ गरम राहतो, म्हणून मधे बोट घालून बघितल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका.

मुलाचं काम: परातीत खजूर, कूट आणि वेलचीपूड कणकेसारखी मळायची. सुरुवातीला चुरा-चुरा दिसतं आणि मुलं नाराज होतात. दोन-तीन मिनिटं मळलं की गोळा होतो, हे आधी सांगून ठेवा. तरीही गोळा झाला नाही तर अर्धा चमचा तूप. हाताला चिकटत असेल तर तळव्याला तुपाचं बोट.

आता लाडू वळायचे नाहीत. लहान, गोल, घट्ट गोळा लहान मुलाच्या घशात नीट बसून श्वास अडकवू शकतो. छोटा गोळा तळहातावर ठेवून चपटा करायचा आणि मधे अंगठा दाबायचा. पेढ्यावर मुलाच्या अंगठ्याचा ठसा उमटतो आणि ‘हा माझा’ ओळखता येतो. मग दोन्ही बाजू तिळात दाबायच्या. चार वर्षांखालच्या मुलाला त्याचेही तुकडे करून द्या, आणि धावताना किंवा झोपून नव्हे, बसून खायला लावा.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस राहतात, फ्रीजमध्ये आणखी थोडे. डब्यातून काढताना हात कोरडा हवा. डब्यावर कागद चिकटवून त्यावर केल्याची तारीख मुलाकडून लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि शेजारी त्याला पेढ्याचं चित्र काढू द्या. शाळेत शेंगदाणे चालतात का, हे मात्र डबा भरण्याआधी बाईंना विचारून घ्या.